हिशेब आणि सोबत
(विहाराच्या वर्धापनदिनी मित्रमंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्यापुढे 'कालकथित मित्रास आदरांजली' असं छापलेलं आहे. आम्ही चौघे त्याचे मित्र. वाचून एकच जण दाखवतो आहे, पण हे चौघांनी बसून लिहिलं आहे. म्हणून जिथे 'आम्ही' येईल तिथे चौघे समजावेत, आणि जिथे आमची चूक सांगितली असेल तिथेही चौघांचीच समजावी.

त्याचं नाव आम्ही या भाषणात घेणार नाही. इथे बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. त्याने पंचवीसहून अधिक वर्षं कर्करोगाच्या रुग्णांसाठी घरोघर फिरून पैसे गोळा केले, पण पावतीपुस्तकावर स्वतःचं नाव कधी छापलं नाही. विहाराला नवीन फरशी बसली तेव्हा देणगीदारांच्या नावांची पाटी लागली. त्या पाटीवर आपलं नाव नको म्हणून तो समितीशी भांडला होता. आम्ही वहिनींना विचारलं, स्मरणिकेत नाव छापायचं का? त्या म्हणाल्या, "त्यांना आवडलं नसतं." विषय तिथेच संपला.

तो बेस्टमध्ये कंडक्टर होता. त्याची अर्धी नोकरी वडाळा डेपोत गेली. कंडक्टरचं काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे, ड्युटी संपली की वेबिल भरायचं, कॅश मोजून द्यायची, आणि कमी पडलं तर आपल्या खिशातून घालायचं. दिवसभर हजारो रुपये हातातून जातात, त्यातला एक रुपयाही आपला नसतो. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की घरी भाजी आणली तरी तो वहिनींना हिशेब द्यायचा.

हे काम सुरू झालं ते त्याच्या थोरल्या बहिणीमुळे. अक्का आपल्या सर्वांची अक्का होती. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची. त्या काळी कोणत्या घरात मिश्रीची डबी नव्हती? तंबाखू तव्यावर भाजायची, चुरायची आणि दातांना घासायची. दात दुखला तरी मिश्री, भूक मारायची तरी मिश्री. अक्काच्या हिरडीला एक फोड आला, तो भरेना. काही दिवस हळद लावली, काही दिवस लवंगेचं तेल. मग एकाने दात काढून टाकला. असे सहा-सात महिने गेले. परळच्या टाटा रुग्णालयात नेलं तेव्हा आजार जबड्यात आणि गळ्याच्या गाठींत उतरला होता. ऑपरेशन झालं, शेक दिले, पण अक्का वाचली नाही.

त्या दिवसांत तो रोज पायी परळला जायचा. रात्री परत येताना फुटपाथवर झोपलेली माणसं बघायचा. कुणाच्या उशाला फाईल, कुणाच्या नाकात नळी. उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेली, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातूनही आलेली. एकदा आम्हाला म्हणाला, "आपण वीस मिनिटांत चालत घरी येतो रे. तो माणूस दोन दिवस गाडीत बसून आलाय, आणि आज रात्री कुठे झोपायचं हे त्याला ठाऊक नाही."

त्या रुग्णालयाचा इतिहास तो नव्या माणसाला आवर्जून सांगायचा. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने परळला हे रुग्णालय बांधलं, ते 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. 1957 मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. तो म्हणायचा, "घरातलं माणूस गेल्यावर श्रीमंताने रुग्णालय उभं केलं. आपण गरीब, आपण निदान एक पावतीपुस्तक तरी काढू."

आणि त्याने खरोखरच पावतीपुस्तक काढलं.

त्याचं म्हणणं साधं होतं. रुग्णालय डॉक्टर देतं, मशीन देतं, गरिबाला खर्चात सवलतही देतं. पण रुग्ण आणि त्याच्यासोबतचा माणूस दोन-तीन महिने मुंबईत राहणार कुठे? खाणार काय? गावाकडची मजुरी बुडाली, ती कोण देणार? मुलांना कुणाजवळ ठेवलं? याचं बिल कुठल्याच काऊंटरवर फाटत नाही. आणि याच खर्चापायी माणसं उपचार अर्धवट टाकून गावी निघून जातात. अर्धवट उपचार म्हणजे आधीचा सगळा खर्चही पाण्यात.

त्याच्या कामाचे तीन नियम होते. पहिला, दोन रुपये दिले तरी पावती फाटणार. दुसरा, रुग्णाच्या हातात रोख पैसे द्यायचे नाहीत. औषध दुकानात जाऊन घ्यायचं, खाणावळीचे पैसे खाणावळीत भरायचे आणि बिल वहीला टाचायचं. या नियमाने आपल्याच वस्तीतले दोघे त्याच्यावर रागावले होते. तो त्यांच्या पाया पडला, पण रोख दिली नाही. तिसरा नियम सर्वात अवघड. जो पैसे देईल त्याने महिन्यातून एकदा त्याच्यासोबत रुग्णाकडे यायचं. "दहा रुपये दिलेत, उपकार झाले. आता एक रविवार द्या." पुष्कळ जण म्हणायचे, वीस रुपये घ्या पण रविवार मागू नका.

रविवारी तिथे काय करायचं? विशेष काही नाही. कुणाचा अर्ज भरून द्यायचा. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपरचं भाडं माफ असतं, सोबतच्या माणसालाही सवलत मिळते, पण त्यासाठी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा दाखला लागतो. तो भरायचा कसा हे परगावच्या माणसाला कळत नाही. कुणाला एक्स-रेच्या रांगेत धरून उभं राहायचं. कुणाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा रस्ता दाखवायचा. आणि कुणाजवळ नुसतं बसायचं. आम्हाला सुरुवातीला वाटायचं, यात काय मोठं काम आहे? नंतर समजलं की पैसे गोळा करणं त्यातल्या त्यात सोपं, बसणं अवघड. ज्याचा चेहरा अर्धा कापला गेलाय, त्याच्याकडे नजर न चुकवता बघायला शिकावं लागतं.

भंतेजींनी मागच्या वर्षावासात महावग्गातली गोष्ट सांगितली होती. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते, कारण त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला बोलावून सांगितलं की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाहीत तर कोण करणार? आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आणि साधू साधू म्हटलं. आमचा मित्र मागच्या रांगेत बसला होता. बाहेर आल्यावर चपला घालता घालता म्हणाला, "मग येत्या रविवारी कोण येतंय?"

आता ज्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो आहोत ते सांगतो.

एका वर्षी जयंतीच्या सभेत त्याने ठराव मांडला, की जमलेल्या वर्गणीतला चौथा हिस्सा रुग्णांसाठी बाजूला काढावा. बाबासाहेबांनी 1956 साली नागपूरला धम्मदीक्षेनंतरच्या भाषणात प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा असं आवाहन केलं होतं. त्याची आठवण त्याने करून दिली. सभेत गोंधळ झाला. मिरवणुकीचं काय, लायटिंगचं काय, शेजारच्या मंडळाने वाजंत्री मोठी आणली तर आपली शोभा काय, असे प्रश्न निघाले. हात वर करायची वेळ आली तेव्हा ठराव पडला. विरोधात वर गेलेल्या हातांत आमचेही हात होते. का, ते आज नीट सांगता येत नाही. जयंतीचा उत्साह होता, आणि पोरांना नाराज करायचं नव्हतं.

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून पावतीपुस्तक घेऊन एकटाच चाळी चढू लागला.

त्यानंतर वस्तीत एक बोलणं सुरू झालं. कोण बोललं ते आता महत्त्वाचं नाही. "कंडक्टर माणूस आहे, सुट्ट्या पैशांत हात मुरलेला. रुग्णांना किती जातं आणि खिशात किती जातं कोण बघतंय?" हे नाक्यावर बोललं गेलं तेव्हा आम्ही तिथे उभे होतो. चौघेही होतो. आम्हाला पक्कं ठाऊक होतं की हे खोटं आहे. आम्ही त्याच्यासोबत दुकानात गेलो होतो, बिलं बघितली होती. तरी आमच्यातला एकही जण तोंड उघडून म्हणाला नाही, की हे खोटं आहे. चहाचे कप ठेवले आणि निघून आलो.

त्याच्या कानावर ते गेलंच. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर त्याने वही, पावतीपुस्तकांचे अर्धुक आणि बिलांची पिशवी विहारातल्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाला, "दर रविवारी इथे ठेवीन. ज्याला बघायचं त्याने बघावं." दोन रविवार कुणी हात लावला नाही. तिसऱ्या रविवारी महिला मंडळाच्या एका भगिनीने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. दीड तास वाचत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, इथे साडेतीन रुपये जास्त दिसतात." तो खूश झाला. म्हणाला, "बरोबर आहे, ते माझे आहेत. त्या दिवशी सुट्टे नव्हते." तेव्हापासून कुणी काही बोललं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, तो निवृत्त झाल्यावर, आम्ही त्याला विचारलं की तुला तेव्हा वाईट वाटलं का? तो म्हणाला, "हिशेब मागितला याचं वाईट नाही वाटलं. लोकांचा पैसा आहे, हिशेब मागायलाच पाहिजे. तुम्ही नाक्यावर उभे होता आणि गप्प बसलात, त्याचं वाटलं." एवढंच बोलला आणि विषय बदलला. आम्ही तेव्हाही माफी मागितली नाही. उद्या मागू, परवा मागू असं करत राहिलो. मागच्या पावसाळ्यात एका रात्री हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला.

वहिनी समोर बसल्या आहेत. ज्या वस्तीत ते बोलणं झालं त्याच वस्तीसमोर आम्ही आज सांगतो, की आम्ही चुकलो.

आणखी एक प्रश्न त्याला नेहमी विचारला जायचा. बाहेरच्यांना मदत कशाला? आधी आपली माणसं बघा. तो यावर वाद घालत नसे, गाडगेबाबांची आठवण सांगत असे. गाडगेबाबांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबासाहेब 6 डिसेंबर 1956 रोजी गेले, आणि चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरला, गाडगेबाबा गेले. आज त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत देशभरातले कर्करोगाचे रुग्ण राहतात. तिथे कुणी जात विचारत नाही. "आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावर जात विचारली," तो म्हणायचा, "आता आपण पाण्याचा तांब्या हातात घेऊन दुसऱ्याला जात विचारायची का?"

पण शेवटच्या काही वर्षांत त्याचं मन दुसऱ्याच गोष्टीत गुंतलं होतं. तो म्हणू लागला, "मी नळाखाली बादली धरून बसलोय, आणि वर टाकी फुटलीय." पैसे कितीही जमवले तरी रुग्ण उशिरा येतात. उशिरा आलेल्याला पैशाने किती वाचवणार? अक्काला सहा महिने आधी नेलं असतं तर?

म्हणून तो तपासणीच्या मागे लागला. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये 1998 पासून एक मोठी पाहणी केली, तिची माहिती त्याने मिळवली. सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी दर दोन वर्षांनी केली गेली. पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, लावायचं आणि पांढरा डाग उठतो का ते उजेडात बघायचं. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. किमान दहावी शिकलेल्या, त्या कामासाठी तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. 2013 मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: तपासणी झालेल्या वस्त्यांत या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. महागडं मशीन नाही, मोठं रुग्णालय नाही. "दहावी शिकलेली पोरगी जीव वाचवू शकते," हे त्याने आम्हाला किती वेळा सांगितलं असेल.

महिला मंडळात तो हे सांगायला गेला आणि अडखळला. पुरुषाने हे बोलायचं कसं? बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तो घरी आला आणि वहिनींना म्हणाला, तू बोल. वहिनी बोलल्या. पहिल्या खेपेला सात जणी तपासणीला गेल्या, पुढच्या खेपेला वीसच्या वर. त्या वीसमध्ये आमच्या चौघांपैकी एकाची बायको होती. तिच्यात सुरुवातीचा दोष निघाला. वेळेवर उपचार झाले. ती आज इथे आहे, तुमच्यासाठी खीर तिनेच केली आहे. ज्याच्या ठरावाविरुद्ध आम्ही हात वर केला होता त्याने आमच्या घरातलं माणूस वाचवलं.

भगिनींनो, बांधवांनो, आता रडून चालणार नाही. त्याला भाषणं आवडत नसत, 'मग ठरलं काय?' असं तो विचारायचा. म्हणून आम्ही समितीपुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली, त्याची वही बंद करायची नाही. दोघांनी ती चालवावी, त्यातली एक महिला मंडळाची असावी. दर पौर्णिमेला वंदनेनंतर जमा-खर्च मोठ्याने वाचून दाखवावा. नियम तेच: पावती, बिल, रोख नाही, आणि एक रविवार.

दुसरी, जयंतीच्या वर्गणीतल्या चौथ्या हिश्श्याचा ठराव आम्ही पुन्हा मांडतो. या वेळी आमचे हात बाजूने वर असतील.

तिसरी, तपासणी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, स्तनात गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, यातलं काहीही दिसलं तर लाजायचं नाही, लपवायचं नाही. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. हा आजार सुरुवातीला बहुधा दुखत नाही. खर्चाला भिऊ नये. आधी राजीव गांधी जीवनदायी म्हणून 2012 साली सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने असलेली राज्य सरकारची योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड नीट ठेवा. आणि घरात नऊ ते चौदा वयाची मुलगी असेल तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. पुण्याच्या सीरम संस्थेने 2023 मध्ये देशी लस आणली आहे.

चौथी, तंबाखू. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, पण पुड्या कुठे मिळतात ते आपल्या पोरांना विचारा. आपण पंचशीलात मादक पदार्थ वर्ज्य करण्याचं शील रोज घेतो, आणि वंदना संपली की बाहेर जाऊन तंबाखू मळतो. आम्ही चौघांपैकी दोघे मळत होतो. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सोडली. अजून हात खिशाकडे जातो, खोटं कशाला सांगायचं. पण सोडली आहे. घरात मिश्रीची डबी असेल तर येत्या पौर्णिमेला ती विहारात आणून द्या.

त्याची शेवटची वही आमच्यापाशी आहे. शेवटची नोंद आहे पाच रुपयांची, नाव लिहिलेलं नाही, पण पावती फाडलेली आहे. खाली शिल्लक लिहून सही केली आहे. त्याखालची ओळ कोरी आहे. आज कार्यक्रम संपल्यावर वही त्याच टेबलावर ठेवणार आहोत, पावतीपुस्तकही ठेवणार आहोत. जेवायला बसण्यापूर्वी ज्याला जमेल त्याने यावं. आणि येताना कुठला रविवार देणार तेही सांगावं.

नमो बुद्धाय! जयभीम!